आजारी सिस्टरला घरी जाऊ द्या

ही विनंती आधी रुग्णांच्या नातेवाइकांना आहे, मग बाकी सगळ्यांना.

पाऊस लागला आहे. येत्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, गॅस्ट्रो आणि साधा फ्लू हे सगळे एकदमच वॉर्डात येतील. खाटा भरतील, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या पडतील, आणि तुमच्यापैकी पुष्कळांना घरच्या कुणासाठी तरी दवाखान्यात रात्री काढाव्या लागतील. अशाच एखाद्या दिवशी ड्युटीवरची सिस्टर वेळ संपायच्या आधीच पर्स घेऊन, भिंतीचा आधार घेत निघालेली तुम्हाला दिसेल. तिला अडवू नका. ‘आमचा पेशंट असा टाकून कुठे निघालात?’ म्हणून अंगावर जाऊ नका. मोबाइल काढून तिचे शूटिंग करू नका. तिला जाऊ द्या, आणि मग सिस्टर ऑफिसात जाऊन विचारा की तिच्या जागी कोण येणार आहे.

मागणे एवढेच आहे. पण ते सिस्टरच्या दयेपोटी केले आहे असे कुणाला वाटेल, म्हणून आधी तुमच्या पेशंटचेच बोलू.

समजा, दुपारच्या ड्युटीला आलेली एक सिस्टर आहे. सकाळपासून अंग मोडून आले होते. तिने पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला, ती आली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गोळीचा जोर ओसरला आणि ताप पुन्हा 102 वर गेला. वॉर्डात नेमकी हीच वेळ धावपळीची. संध्याकाळची इंजेक्शने द्यायची, रात्रीच्या जेवणाआधीचे इन्सुलिन द्यायचे, कॅज्युअल्टीतून नव्या ॲडमिशन वर येत असतात, डॉक्टर राऊंडला आलेले असतात आणि भेटीची वेळ म्हणून प्रत्येक खाटेभोवती चार-चार माणसे. आता त्यातले इन्सुलिनच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत मिलीलिटरला 40 युनिट असतात, दुसरीत 100. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या, एकीला लाल टोपण आणि दुसरीला नारिंगी. 100 ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गल्लत झाली तर पेशंटच्या अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. साखर झर्रकन उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो, आणि रात्रीची वेळ असेल तर शेजारच्या नातेवाइकाला वाटते की बाबांना छान झोप लागली आहे.

पोटॅशियम क्लोराइडची तऱ्हा याहून भयंकर. पाण्यासारखे रंगहीन औषध, लहानशा अँप्युलमध्ये. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडायचे असते. तसेच शिरेत ढकलले तर हृदय थांबते. औषध उचलताना, भरताना आणि रिकामी कुपी ठेवताना असे तीनदा लेबल वाचायचे, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून घोटून घेतात ते याचसाठी. सुदृढ डोक्याची सिस्टर घाईतही हे तीनदा वाचणे सोडत नाही. हाताला ती सवयच लागलेली असते. पण 102 ताप असलेल्या माणसाला दोन ओळींचा निरोपसुद्धा धड वाचवत नाही, हे तुम्ही स्वतःच्या अनुभवाने जाणता. त्याच अवस्थेतल्या बाईला तुम्ही हट्टाने थांबवून घेता, आणि थांबवता कशासाठी, तर तुमच्या आईला तिने इंजेक्शन द्यावे म्हणून.

दुसरी गोष्ट लागणीची. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस इतरांना आजार देत राहतो. ऑफिसात तो दिला तर चार जण शिंकतात, दोन जण रजा घेतात, विषय संपतो. वॉर्डातले हिशेब वेगळे. तिथे कुणी डायलिसिसवर आहे, कुणाची केमो चालू आहे, कुणाचे काल पोट उघडलेले आहे, कुणाचे दिवस भरत आले आहेत. यांच्यातल्या कुणाला लागण झाली तर ती न्यूमोनियावर जाऊ शकते. कांजिण्या तर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात. प्रसूतिकक्षात किंवा काचेच्या पेटीतल्या बाळांजवळ त्या गेल्या तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस कर्मचाऱ्याने रुग्णांजवळ येऊ नये, असा जगभरच्या रुग्णालयांतला दंडक आहे. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, ती आठवा. लाल डोळ्यांवर काळा चष्मा लावून आपण सगळे फिरत होतो. तसाच चष्मा लावून कुणी तुमच्या नवजात नातवाला हात लावला असता, तर तुम्ही चालवून घेतले असते का?

डेंग्यूचे मात्र वेगळे आहे, तो एका माणसाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. डेंग्यूची सिस्टर तुमच्या पेशंटला आजार देणार नाही. पण तिचे प्लेटलेट उतरत असतात, उभे राहिले की भोवळ येते, आणि औषधांची ट्रॉली ढकलताना ती कोसळली तर वॉर्डाची सिस्टर जाऊन वॉर्डाला आणखी एक पेशंट मिळतो. बऱ्याच ठिकाणी नर्सिंग हॉस्टेलच्या गच्चीवर आणि कुंड्यांखाली पाणी साचलेले असते. तेव्हा डेंग्यूच्या वॉर्डात काम करणारीला डेंग्यू वॉर्डातच झाला असेल असे नाही; तो तिला तिच्या खोलीतही गाठतो.

आजार कर्मचाऱ्यांत शिरला की काय होते, ते मुंबईने एकदा पाहिले आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी लागून पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा मुंबई सेंट्रलचे एक मोठे खासगी रुग्णालय महापालिकेने सील केले, कारण तिथल्या पंचवीसहून अधिक परिचारिका आणि काही डॉक्टर कोविडबाधित निघाले होते. ज्या दिवसांत शहराला एकेका खाटेची गरज होती, त्या दिवसांत एक आख्खे रुग्णालय हातचे गेले.

मग इतके सगळे ठाऊक असून सिस्टर आजारी असताना ड्युटीवर येतेच का? नियम तर तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

एक कारण पैशाचे आहे. कायम नोकरीतल्या सिस्टरला किरकोळ रजा, वैद्यकीय रजा असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात किंवा ठेकेदाराकडून आलेली सिस्टर काही महिन्यांच्या ऑर्डरवर काम करते, आणि ऑर्डर पुन्हा मिळेल की नाही याची टांगती तलवार तिच्या डोक्यावर असते. रजा पडली की बऱ्याचदा तिचा पगार कापला जातो. छोट्या नर्सिंग होममधल्या मुलींचे तर बोलूच नये. ‘आज येत नाही’ म्हटले की ‘मग उद्याही येऊ नको’ हे उत्तर त्यांना पाठ असते.

पण मला विचाराल तर पैशाहून मोठे कारण तिच्या मैत्रिणी आहेत. पाच वाजता ही उठून गेली, तर रात्रीची सिस्टर येईपर्यंत शेजारच्या वॉर्डातली तिची बॅचमेट दोन्ही वॉर्ड बघणार, हे तिला माहीत असते. परवा त्या बॅचमेटने हिच्यासाठी डबल ड्युटी केलेली असते. मग ती आणखी एक गोळी घेते, मास्कवर मास्क चढवते आणि म्हणते, ‘आठ वाजेपर्यंत ढकलते.’ मेट्रन मॅडमना फोन केला तर त्या ओरडत नाहीत, उलट विनवतात: ‘बघ ना गं, थोडं सांभाळून घे, रात्रीचीला लवकर बोलावते.’ मेट्रन काही वाईट बाई नव्हे. तिच्यासमोरच्या ड्युटी लिस्टमध्ये जितकी नावे आहेत, त्याहून जास्त भोके आहेत.

ही भोके कशाने पडतात, ते लोकांनी समजून घ्यायला हवे. भारतीय परिचर्या परिषदेने पदांचे निकष ठरवून दिले आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आयसीयूत खाटेमागे एक, आणि त्यावर 30 टक्के रजा राखीव. या शेवटच्या दोन शब्दांवर आजचे हे सगळे आवाहन उभे आहे. म्हणजे शंभर परिचारिकांचे काम असेल तर एकशे तीस नेमायच्या. वरच्या तीस जणी कुणी आजारी पडली, कुणी बाळंतपणाला गेली, कुणाच्या घरी मृत्यू झाला, तर तिच्या जागी उभ्या राहण्यासाठी. माणसे आजारी पडतात हे गृहीत धरून केलेली ही शहाणी सोय आहे. मात्र पदे रिकामी राहू लागली की पहिला घास या राखीव तीस जणींचा घेतला जातो. त्या नेहमीच्या ड्युटीला लावल्या जातात, मग त्यांच्याही जागा भरेनाशा होतात, आणि शेवटी एका सिस्टरला ताप आला की वॉर्डाचाच श्वास अडकतो. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, 2025 च्या जुलैत पुन्हा गेल्या. दोन्ही वेळा कंत्राटी भरतीला विरोध ही मुख्य मागणी होती. आपण वर्तमानपत्रात ‘रुग्णांचे हाल’ एवढेच वाचले आणि पान उलटले.

आणि समोर दिसेल त्या माणसावर राग काढायची आपली खोड तर जुनीच. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. सारा महाराष्ट्र हादरला. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, क्षमतेच्या कितीतरी वर भरलेले वॉर्ड यांची चर्चा झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण लोकांच्या लक्षात काय राहिले? एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले, तो व्हिडिओ. पदे कुणी भरली नाहीत हा प्रश्न त्या झाडूने एका झटक्यात बाजूला सारला. वॉर्डातून आजारी सिस्टर निघताना आपण जे शूटिंग करतो ते त्याच जातीचे असते, फक्त छोटे.

आता दुसरी बाजूही बोलून टाकतो, नाहीतर हा लेख म्हणजे परिचारिकांची वकिली झाली असे कुणी म्हणेल. आजाराचे सोंग करणाऱ्या असतात. असतातच. बँकेत असतात, शाळेत असतात, मंत्रालयात तर विचारू नका. गौरी-गणपतीत अचानक कंबर धरणाऱ्या कर्मचारी कुठल्या खात्यात नाहीत? पण सोंग आहे की खरा आजार, हे ठरवायला रुग्णालयात मेट्रन आहे, ड्युटीवरचे डॉक्टर आहेत, थर्मामीटर आहे. ते ठरवणे खाट क्रमांक अठराच्या मेहुण्याचे काम नव्हे. आणि कुणालाही न सांगता, ओव्हर न देता, चुपचाप मागच्या दाराने निघून जाणे हा मात्र गुन्हाच समजायला हवा. त्याला माझ्याकडून कणभर सहानुभूती नाही. ओव्हर म्हणजे वॉर्डाचा जिवंत हिशेब: कुणाचे सलाईन किती उरले, कुणाला रक्त चढवायचे आहे, कुणाची लघवी सकाळपासून झालेली नाही, कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी. हा हिशेब दुसऱ्या सिस्टरच्या किंवा निदान ड्युटी डॉक्टरच्या हाती दिल्याशिवाय कुणी जाता कामा नये. जी तो देऊन जाते, तिने तुमच्या पेशंटला टाकलेले नाही.

म्हणून अशा वेळी तुम्ही एक काम नक्की करा. सिस्टर निघते आहे असे दिसले की तिला ओव्हर द्यायला दहा मिनिटे शांतता द्या. त्या दहा मिनिटांत ‘सिस्टर, सलाईन संपलं’, ‘सिस्टर, चादर बदला’ अशा हाका मारू नका. सलाईन खरेच संपत आले असेल तर मावशींना किंवा इंटर्न डॉक्टरांना सांगा. पेशंटच्या औषधांच्या वेळा, ॲलर्जी, शेवटचा डोस केव्हा झाला, हे एका कागदावर लिहून खिशात ठेवा. नवी सिस्टर आली की तिच्या पुढ्यात तो कागद धरा. ती वैतागणार नाही, उलट तिचे काम हलके होईल. आणि तासाभरात कुणीच आले नाही तर आवाज करा. जरूर करा. मात्र तो वॉर्डाच्या दारात न करता अधीक्षकांच्या किंवा ड्युटीवरच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये करा. लेखी तक्रार द्या, तिच्यावर वेळ टाका. त्यात वाक्य असे असू द्या: ‘आजारी परिचारिकेच्या जागी बदली परिचारिका दिलेली नाही.’ त्या वाक्याने जबाबदारी जिथली तिथे जाते.

ज्यांना समजुतीने समजत नाही त्यांच्यासाठी कायद्याचेही सांगतो. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यांबाबत राज्यात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. परिचारिका त्यात येतात. मारहाण तर सोडाच, धमकावणे आणि कामात अडथळा आणणेही त्यात बसते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. काचा फोडल्या तर त्यांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई वेगळी. पेशंट आत आणि नातेवाईक पोलीस ठाण्यात, अशी वेळ कुणावर येऊ नये.

आणखी एक, जे ऐकायला कुणाला आवडणार नाही. वॉर्डात येणारा आजार नेहमी कर्मचाऱ्यांतून येत नाही. बराचसा आपणच पिशवीतून डबा न्यावा तसा घेऊन जातो. मामा बरा नाही म्हणून गावाहून जीप भरून माणसे येतात, त्यांतल्या दोघांना सर्दी, एका पोराला जुलाब. सगळे खाटेवर बसतात, त्याच हाताने सिस्टरला केळे देतात. ताप, खोकला, जुलाब, लाल डोळे यांपैकी काहीही असेल तर भेटायला जाऊ नका. व्हिडिओ कॉल करा. एका पेशंटजवळ एकाच माणसाने थांबा. लहान मुलांना नेऊ नका. हात साबणाने धुवा, कारण जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. वॉर्डातली गर्दी निम्मी झाली तरी सिस्टरला दिवसभरात किती श्वास मोकळे मिळतील, हे तिलाच विचारा.

आता रात्रीचे बोलू. रात्रपाळीत दोन वाजता सिस्टरला थंडी भरून आली, ओव्हर दिला, मेट्रन ऑफिसने जायला सांगितले. जायचे कसे? मुंबईत काम करणाऱ्या कितीतरी सिस्टर विरार, बदलापूर, कर्जतला राहतात. मध्यरात्रीनंतर लोकल बंद होते ती पहाटेपर्यंत. तालुक्याच्या गावी तर रात्री एस.टी. स्टँडवर कुत्र्यांखेरीज कुणी नसते. झोपायला खोली असावी, पण बऱ्याच ठिकाणी सिस्टरला पाठ टेकायची धड जागा नाही. कपडे बदलायची जागाही अडगळीची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला, तो ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली असताना. ती 18 मे 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होती आणि तिथल्या सिस्टरांनी पिढ्यान् पिढ्या तिची सेवा केली. इतकी वर्षे उलटली, तरी रात्री ड्युटीवरून निघणारी बाई सुरक्षित घरी पोचेल याची हमी कुणी देत नाही.

रिक्षा संघटनांना म्हणूनच हात जोडून सांगणे आहे. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या गेटवर तुमचा स्टँड असतो. रात्रीच्या दोन रिक्षांची पाळी लावा, त्यांचे नंबर मेट्रन ऑफिसात आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे द्या. आजारी सिस्टरला जवळचे भाडे म्हणून नाकारू नका. मीटरने घ्या, पण घरापर्यंत सोडा. रुग्णालयांनीही रात्री रिकाम्या उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचा विचार या कामी करावा. अधिकाऱ्यांना स्टेशनवर आणायला-सोडायला गाड्या निघतात, तर तापाने फणफणलेल्या कर्मचाऱ्याला सोडायला का निघू नयेत?

घरच्यांनाही दोन शब्द. सिस्टर वेळेआधी घरी आली की पुष्कळ घरांत ‘आज लवकर सुटलीस? बरं झालं’ असे स्वागत होते आणि तिच्या हाती भाजीची पिशवी येते. घरात नर्स आहे म्हणजे ती सगळ्यांची नर्स, तिला स्वतःला मात्र काही होत नाही, असा एक गोड गैरसमज असतो. सासूबाई, मामंजी, नवरोजी, त्या दिवशी वरण-भात तुम्ही लावा. तिला वेगळ्या खोलीत झोपू द्या, वेगळी खोली नसेल तर खिडकीशी. ताप गोळीशिवाय चोवीस तास उतरलेला असेल तेव्हाच तिला कामावर धाडा. सोसायटीतल्या लोकांनी जिन्यात कुजबुज करू नये. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता याच जिन्यांतून आपण थाळ्या बडवल्या होत्या, आणि त्यानंतर काही आठवड्यांत देशात कितीतरी ठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोल्या सोडायला सांगितले होते. पुढे केंद्र सरकारला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी अध्यादेश काढावा लागला. थाळी वाजवणे सोपे होते. आणि दर 12 मे ला, जागतिक परिचारिका दिनी, गुलाबाचे फूल देऊन फोटो काढणे त्याहून सोपे. या वर्षीचे फूल कुणी दिले असेल तर ठीक. आता बदली सिस्टर द्या.

खासगी रुग्णालयांच्या विश्वस्तांना आणि मालक डॉक्टरांना वेगळे सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा आणि कामाच्या स्थितीचा प्रश्न तपासायला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने म्हटले की 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगार सरकारी परिचारिकेइतका असावा, आणि अगदी लहान, 50 खाटांच्या आतल्या रुग्णालयातही तो महिना वीस हजारांच्या खाली नसावा. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोयी, प्रवास यांतही सरकारी परिचारिकांची बरोबरी असावी असे तिने सुचवले. तुमच्या रुग्णालयात यातले काय लागू झाले, ते तुम्हीच तुमच्या रजिस्टरात बघा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या ज्या सिस्टरांना ई.एस.आय. लागू आहे, त्यांना आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. ही गोष्ट कित्येक मुलींना ठाऊकच नसते. त्यांना ती सांगा, आणि त्यांची वर्गणी खरेच भरली जाते का, तेही पाहा. बिल भरताना नातेवाइकांनीही ‘नर्सिंग चार्जेस’ या ओळीवर बोट ठेवून एकदा विचारावे की या पैशांत रात्री वॉर्डाला किती परिचारिका मिळतात, आणि एखादी आजारी पडली तर काय व्यवस्था आहे. प्रश्न सभ्यपणे विचारा. काउंटरवरची मुलगी गोंधळेल, मॅनेजरला बोलावेल. तेच हवे आहे.

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांसाठी नागरिकांच्या हाती दोन साधने आहेत. एक रुग्ण कल्याण समिती. ती बहुतेक सरकारी रुग्णालयांत असते, तिच्यात लोकप्रतिनिधी आणि काही वेळा गावातली प्रतिष्ठित मंडळी असतात, त्यांना गाठा. दुसरे साधन माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दीडशे शब्द पुरेसे आहेत. विचारा की या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत कंत्राटी किती. रजा राखीव म्हणून मंजूर पदे किती आणि आज त्यांतली प्रत्यक्ष भरलेली किती. गेल्या सहा महिन्यांत एका परिचारिकेकडे एकाच पाळीत एकाहून अधिक वॉर्ड किती वेळा दिले गेले.

उत्तर आले की त्याची एक प्रत स्थानिक वार्ताहराला द्या, एक आमदारांना. आमदारांना निवेदन देताना त्याच्यासोबत प्रश्नाचा मसुदाही तयार करून द्या. त्यांच्याकडे वेळ नसतो, पण आयता प्रश्न त्यांना आवडतो. पावसाळी अधिवेशनात वेळ साधली नाही तर हिवाळ्यात नागपूरला साधता येईल, मात्र तोवर हा पावसाळा आणि त्यातले आजार उलटून गेलेले असतील. म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. मेडिकल कॉलेजचे रुग्णालय असेल तर अधिष्ठात्यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात, महापालिकेचे असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात. अर्जाची झेरॉक्स घेऊन जा आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.